तात्यांची दुनळी

बैल घ्यायला बाजारात गेलो तर आपण काय करतो? आधी तोंड उघडून दात बघतो, मग खूर बघतो, चार पावले चालवतो आणि शेवटी खांद्यावरून हात फिरवतो. विकणारा सख्खा पाव्हणा असला तरी यातले काही सोडत नाही. पण जुनी बंदूक घ्यायची पाळी आली तेव्हा मी, पन्नाशी उलटलेला आणि आजवर डझनभर बैल पारखून घेतलेला शेतकरी, नुसती नक्षी बघून हो म्हणून बसलो होतो. त्याची ही हकीगत आहे. आपल्यापैकी कुणाच्या घरात आज्या-पणज्याची बंदूक असेल, किंवा कुणी घ्यायच्या विचारात असेल, तर त्यांना उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

आमचे गाव आजरा तालुक्यात, डोंगराच्या पोटाशी. खाली भात आणि दोन एकर ऊस, वर माळावर नाचणी आणि काजू. २०२२ च्या दिवाळीनंतर गव्यांचा कळप उसात शिरला आणि एका रात्रीत वीस गुंठे आडवे केले. पुढच्या साली रानडुकरांनी भुईमूग उकरला. डबे बडवले, फटाके लावले, बुजगावणी केली, माळ्यावर रात्री काढल्या. जनावरे चार दिवस बुजतात आणि पाचव्या दिवशी सवयीची होतात. शेवटी २०२३ मध्ये पीकसंरक्षणासाठी बंदुकीच्या परवान्याचा अर्ज केला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. परवाना मिळाला म्हणजे जनावर मारायची मुभा मिळाली, असे कुणी समजू नये. गवा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि रानडुकरालासुद्धा वनखात्याच्या लेखी परवानगीवाचून मारता येत नाही. आम्हाला हवा होता तो आवाज. शिवाय १९५९ चा शस्त्र कायदा पीकसंरक्षणासाठी मुळात ठासणीची बंदूकच धरून चालतो. तिने भागणार नाही अशी अधिकाऱ्यांची खात्री झाली, तरच काडतुसाची बंदूक मिळते, तीही आतून गुळगुळीत नळीची. जबाब झाले, पंचनाम्याचे कागद जोडले, हेलपाटे झाले आणि २०२५ च्या जानेवारीत परवाना हातात पडला. पूर्वी तो ३ वर्षांचा असे, २०१९ च्या दुरुस्तीपासून ५ वर्षांचा झाला आहे.

आता बंदूक कुठली घ्यायची? शोधायला लांब जावे लागले नाही. आमच्या वाडीत तात्यांच्या घरी दुनळी होती. तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे जिवलग. वडील गेल्यावर आमच्या बांधाचा तंटा त्यांनी मिटवला, माझ्या बहिणीच्या लग्नात मांडवाच्या दारात तेच उभे राहिले. त्यांच्या आजोबांपासून चालत आलेली ही बंदूक मी लहानपणापासून दसऱ्याला पुजलेली बघत आलो होतो. काळसर तपकिरी नळ्या, त्यांच्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी, वर दोन बाकदार घोडे, आक्रोडाचा दस्ता आणि दोन नळ्यांमधल्या पट्टीवर इंग्रजीत कोरलेले 'लंडन'. साऱ्या वाडीत ती 'लंडनची बंदूक' म्हणूनच प्रसिद्ध होती.

तात्या आता अठ्ठ्याहत्तरीचे. नजर कमी झालेली, मुलगा पुण्याला. परवान्याचे नूतनीकरण तोंडावर आले होते, आणि निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात नेऊन जमा करायची, पुन्हा आणायची, हे त्यांना झेपेना. त्यातच नातीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि फीचे पैसे भरायचे होते. मला म्हणाले, "तूच घे. घरातली वस्तू घरात ऱ्हाईल. पंचवीस हजार दे, म्हंजी पोरीची फी भागतीया."

मी हो म्हटले. बंदूक खांद्याला लावून बघितली, घोडे मागे ओढून बघितले, नक्षीवरून हात फिरवला. तात्यांनी एक नवे काडतूस नळीत सरकवून दाखवले. "बघ, कसं झकास बसतंय!" आणि लगेच काढून घेतले. वर्षापूर्वी त्यांनी ही नवी काडतुसे आणली होती आणि डुकरे हुसकायला दोन उडवलीही होती. "दणका जरा जास्ती बसला, पर वय झालं आता," असे म्हणून ते हसले. मीही हसलो. पुढे या हसण्याची आठवण झाली की अंगावर काटा यायचा.

कायद्याप्रमाणे एका परवानाधारकाने दुसऱ्याला बंदूक विकायची असेल, तर जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला घेणाऱ्याच्या नावपत्त्यासह लेखी कळवावे लागते, आणि त्यानंतर ४५ दिवस गेल्याशिवाय बंदूक हातात देता येत नाही. आम्ही तसे पत्र दिले. एवढे दिवस कशाला, म्हणून मी कुरकुरलो होतो. आज वाटते, तेच दिवस कामाला आले.

एके दिवशी घरात बोलणे चालले होते. कारभारीण चुलीपुढे बसली होती. ती म्हणाली, "बाजारात पाच रुपयांचं मडकं घेताना तुम्ही टिचकी मारून बघता. ही तर तोंडाजवळ धरून उडवायची. तिला टिचकी मारलीत का?"

मी म्हणालो, "तात्यांची आहे ती."

"तात्या खरे आहेत. पण बंदूक तात्यांनी घडवलेली नाही."

यावर मला उत्तर सुचले नाही. दोन दिवस घुटमळलो आणि तिसऱ्या दिवशी तात्यांकडे जाऊन कसेबसे म्हणालो, की कोल्हापूरला परवानाधारक दुरुस्तीवाला आहे, त्याला एकदा दाखवून आणू. तात्यांचा चेहरा उतरला. "माझ्यावर इस्वास न्हाई व्हय तुझा?" मी मान खाली घालून उभा राहिलो. बराच वेळ गेला. मग तेच म्हणाले, "चल. काय म्हणतोय ते ऐकू तरी." परवाना त्यांच्या नावावर, म्हणून बंदूकही त्यांच्याच ताब्यात, पिशवीत घालून, काडतुसांशिवाय घेतली आणि आम्ही सकाळची एस.टी. धरली.

दुरुस्तीवाले मिस्त्री सत्तरीच्या घरातले. बंदूक हातात घेतल्यावर त्यांनी पहिल्यांदा ती उघडली आणि दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे स्वतः बघून आम्हालाही दाखवले. म्हणाले, "भरलेली नाही असं दहा जणांनी सांगितलं तरी अकराव्यानं उघडून बघायचं. हा पहिला पाठ." मग बंदुकीवरचा नंबर परवान्यावरच्या नंबराशी आकडा न् आकडा ताडून पाहिला. नंबर जुळत नसेल किंवा घासलेला असेल, तर तिथेच थांबायचे. मग वस्तू सोन्याची असली तरी घरात आणायची नाही.

पुढे त्यांनी नळ्यांखालचे लाकूड काढले आणि तसेच बंदूक धरून दस्त्याच्या बाजूने हलवली. बारीक 'टक् टक्' ऐकू आले. मिटलेली बंदूक खिडकीच्या उजेडासमोर धरली, तर नळ्या जिथे मागच्या लोखंडाला टेकतात तिथून उजेडाची रेघ दिसत होती. दुनळी मधोमध मोडते ती बिजागरीवर. बिजागरी झिजली की दाराची चौकट हलते तशी बंदूक खिळखिळी होते. "ही दुरुस्त होते," मिस्त्री म्हणाले. "पुढं बघू."

मग त्यांनी नळ्या साऱ्या बंदुकीपासून सोडवल्या, आकड्यात बोट घालून लोंबत्या धरल्या आणि लाकडाच्या दांडीने हलकी टिचकी मारली. मला एकदम घरच्या बोलण्याची आठवण झाली. मडक्याचीच परीक्षा ती! दोन नळ्या आणि मधली पट्टी एकमेकींना डागाने नीट जोडलेली असली, तर घंटेसारखा लांब नाद निघतो. आमच्या दुनळीतून 'थप्प' असा आवाज आला. पट्टी कुठेतरी सुटली होती, आणि त्या फटीत वर्षानुवर्षे ओल जाऊन गंज बसला होता.

आता त्यांनी एकेका नळीतून उजेडाकडे बघितले आणि मग आम्हाला बघायला लावले. नळी चांगली असेल, तर आत सावलीच्या सरळ, गोल कड्या दिसतात. पोचा असेल तिथे कडी वाकडी होते. उजव्या नळीत किरकोळ डाग होते. डाव्या नळीत मात्र देवीच्या वणांसारखे खड्डे दिसत होते. काळ्या दारूची राख ओल धरते. बार काढल्यावर नळी धुऊन, पुसून, तेल लावून ठेवली नाही, तर ती आतून खाल्ली जाते. बाहेरची नक्षी मात्र तशीच चमकत राहते.

त्या नक्षीचे मर्मही मिस्त्रींनी सांगितले. तिला दमास्कस नळी म्हणतात. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीपर्यंत युरोपात अशा नळ्या फार होत. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र तापवायच्या, सुंभ वळावा तशा पिळायच्या, गजाभोवती गुंडाळायच्या आणि घण मारून एकजीव करायच्या. त्या पिळाच्या लाटा म्हणजे ही नक्षी. काम मोठ्या कसबाचे, पण नळीभर सांधेच सांधे. एखाद्या सांध्यात राख किंवा गंज दडला असेल, तर तो वरून दिसत नाही. "अशा सगळ्या नळ्या वाईट, असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "भिंत जाड असेल आणि नव्या दारूची चाचणी झालेली असेल, तर त्या चालतात. पण आधी शिक्के बघायचे."

नळ्या उलट्या केल्या. काडतूस बसते त्या भागाखाली बारीक शिक्के होते. मिस्त्रींनी भिंग तात्यांच्या हातात दिले. लंबगोलात 'ई एल जी' ही तीन अक्षरे, खाली तारा आणि वर मुकुट. "हा बेल्जियमच्या लिएज शहरातल्या चाचणीघराचा शिक्का," मिस्त्री म्हणाले. "मुकुट १८९३ पासून आला, म्हणजे बंदूक त्यानंतरची. लंडनला हिनं कधी पाय ठेवला नसंल." गिऱ्हाइकाला भावते म्हणून स्वस्त बेल्जियन बंदुकांवर असे इंग्रजी शब्द सर्रास कोरत. लंडनचे आणि बर्मिंगहॅमचे चाचणीघर वेगळे आणि त्यांचे शिक्केही वेगळे. बिनधुराच्या नव्या दारूची चाचणी झाली असती, तर लिएजचा सिंहाचा शिक्का असता. तो नव्हता. ही बंदूक फक्त काळ्या दारूसाठी पारखलेली होती.

मग काडतुसाची गोष्ट निघाली. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी, साधारण साडेअठरा मिलिमीटरची. पण जुन्या बंदुकांची काडतुसाची खोली बहुधा ६५ मिलिमीटर लांब असते, आणि आजची पुष्कळ काडतुसे ७० ची असतात. तात्या म्हणाले, "पर बसत्यात की झकास!" मिस्त्रींनी एक वापरलेले रिकामे काडतूस आणि एक नवे शेजारी उभे केले. नवे बुटके होते, वापरलेले लांब. काडतुसाचे तोंड दुमडलेले असते. त्यामुळे ७० चे काडतूस ६५ च्या खोलीत सहज शिरते. बार उडताना ते तोंड उघडते, त्याला उघडायला जागा नसते, आणि छर्ऱ्यांची वाटच आवळली जाते. दाब एकदम चढतो. "पाव्हणं, बसतंय म्हणून चालतंय असं नाही," मिस्त्री म्हणाले. तात्यांना बसलेला तो जास्तीचा दणका वयाचा नव्हता.

शेवटी माप घेतले. चाचणीच्या वेळचा नळीच्या आतला व्यास शिक्क्यांमध्येच कोरलेला होता, १८.४. आता डावी नळी १८.९ भरली. म्हणजे मधल्या काळात कुणीतरी खड्डे घालवायला आतून घासली होती, आणि खड्डे पुन्हा पडले होते. भिंतीची जाडी मोजली. जाणकार साधारण अर्धा मिलिमीटर ही खालची मर्यादा मानतात. डाव्या नळीत एका जागी ती त्याच्याही खाली होती. मिस्त्रींनी खडूने तिथे खूण केली आणि तात्यांना बंदूक नेहमीसारखी धरायला सांगितली. तात्यांनी धरली. डाव्या हाताची बोटे त्या खुणेपासून जेमतेम दोन इंचांवर होती.

"गेल्या साली दोन उडवल्या मी," तात्या हळूच म्हणाले.

"कुठला चाप ओढला?"

"म्होरला. मागला जड झालाय, त्यो दोन वर्सं ओढलाच न्हाई."

पुढचा चाप उजव्या नळीचा. मिस्त्री काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त खडूची खूण पुसली. दुरुस्तीचे विचारले, तर म्हणाले, "खड्डे घासून काढावेत तर भिंत आणखी पातळ होणार. हिचं वय झालं. हिला आता विश्रांती द्या."

दुकानात आणखी एक गिऱ्हाईक बसले होते, दुसऱ्या तालुक्यातले, परवाना असलेले. ते मघापासून नक्षी न्याहाळत होते. म्हणाले, "तात्या, मला द्या. वीस हजार देतो. उजवी नळी तर बरी हाय. मी बघून वापरीन."

माझ्या पोटात धस्स झाले. फीची तारीख दहा दिवसांवर होती हे मला माहीत होते, आणि तात्यांना तर माझ्याहून जास्त. त्यांनी बंदूक मांडीवर घेतली आणि दस्त्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "तुम्ही बघून वापराल. तुमचं पोरगं बघंल का? माझ्या आज्याची वस्तू कुणाचा हात न्यायला न्हाई द्यायची मला." आणि त्यांनी ती पिशवीत घातली.

परतीच्या एस.टी.त आम्ही दोघे गप्प होतो. त्यानंतर आठ दिवस तात्या आमच्या ओसरीवर आले नाहीत. मला वाटले, बंदूक गेली आणि माणूसही गेले. नवव्या दिवशी आले ते कागद घेऊनच. विक्री रद्द झाल्याचे पत्र आणि बंदूक ठाण्यात जमा करून परवाना परत करण्याचा अर्ज. "वाचून दाखीव आन् सही कुठं करायची ते सांग," म्हणाले. आम्ही दोघे ठाण्यात गेलो, बंदूक आणि उरलेली काडतुसे जमा केली, पावती घेतली. बाहेर आल्यावर मी फीच्या पैशांचा विषय काढला. हातउसने घ्यायला तात्या तयार होईनात. तेव्हा मी त्यांच्या माळावरचा त्या साली उतरणारा काजू आगाऊ घेतला आणि पैसे मोजून दिले. काजूच्या भावात मी चार पैसे वर टाकले हे त्यांना कळले असावे, कारण उतरणीच्या वेळी पोती मापापेक्षा जास्त भरली.

मी पुढे परवानाधारक विक्रेत्याकडून देशी कारखान्यात झालेली दुनळी घेतली. तिच्यावर नक्षी नाही की लंडन नाही. काडतुसाची खोली ७० ची, नळीवर नव्या दारूच्या चाचणीचा शिक्का आणि आतून आरशासारखी स्वच्छ. घ्यायला जाताना तात्यांना मुद्दाम बरोबर नेले. त्यांनीच विक्रेत्याला नळ्या सोडवायला लावल्या, त्या लोंबत्या धरवल्या आणि टिचकी मारली. नाद घुमला तसे माझ्याकडे बघून म्हणाले, "हे मडकं पक्कं हाय. घे."

मंडळी, आपल्याकडे जुन्या वस्तूला माणसाचा मान द्यायची रीत आहे. ती चांगलीच आहे. पण मान वेगळा आणि पारख वेगळी. ज्यांच्या घरात जुनी बंदूक आहे त्यांनी ती परवाना असलेल्या जाणकाराकडून एकदा तपासून घ्यावी. काडतुसे तिच्या मापाची आणि तिच्या दारूची आहेत का, हे विचारावे. शंका असेल तोवर बार काढू नये. बंदूक आणि काडतुसे वेगवेगळ्या कुलपात ठेवावीत. आणि विकणारा जितका जवळचा, तितकी तपासणी लांबच्या माणसाकडून करून घ्यावी, म्हणजे नात्यावर ओझे पडत नाही.

गवे अजून येतात. वर्षभरात मी पाच वेळा हवेत बार काढला. प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या चहाला येतात आणि किती वाजता झाला ते विचारतात. कमरेला त्यांचा जुना काडतुसांचा चामडी पट्टा असतो. त्याच्या घरांत आता सुपारी, लवंग आणि चुन्याची डबी असते. नात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.